सालीचा हिशेब

मामाजींच्या निलगिरीच्या ट्रकवर मिलनं सालीपोटी वजनात कपात लावली, आणि ज्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून ती लावली तिथंच माझी ताई केमिस्ट आहे. एवढं सांगितलं की त्या रविवारचं आमच्याकडचं जेवण कसं झालं असेल ते कळेल. मिलचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मामाजींचा पुढचा ट्रक फाटकावरच उभा राहायचा. विदर्भातल्या शेतांतून लाकूड घेणारी, लिहायचा-छापायचा पांढरा कागद बनवणारी एक मिल, इतकं पुरे.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं गुळमुळीत मी म्हणणार नाही. काही मुद्द्यांवर ताईनं मामाजींना गप्प केलं, काहींवर मामाजींनी तिला. मी मध्ये बसून दोघांना उकरत राहिलो. मामाजींच्या शिव्या तेवढ्या गाळल्यात.

मामाजी : मले एक सांग बाई, साल म्हणजे झाडच ना? बाजारात केळी सालीसकट तोलतात. तिथं कोण कपात करते? आन् तुम्ही तर सारं सोड्यात शिजवूनच काढता. मग लाकडाले चार बोटं साल राहिली तर एवढा बोभाटा कायले?

ताई : साल झाडाचीच, पण ती लाकूड नाही मामाजी. लाकूड झाडाला उभं धरतं, पाणी वर नेतं. साल बाहेरच्या जगाला अडवते. ऊन, आग, कीड, बुरशी, या सगळ्यांविरुद्ध झाडाकडे जे काही आहे ते सालीत भरलेलं असतं : टॅनिन, मेण, राळ, सुबेरिन. जी वस्तू आत काही शिरू नये म्हणूनच बनलीय, तिच्यात आम्हाला आमचं रसायन शिरवायचं असतं.

इथं जरा थांबून मिलमध्ये काय चालतं ते सांगायला हवं. लाकडाचे चिप्स करतात, दोन-अडीच सेंटिमीटर लांब आणि काही मिलिमीटर जाड. ते डायजेस्टर नावाच्या बंद भांड्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, दाबाखाली, १६०-१७० अंश सेल्सियसला शिजवतात. तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवणारं लिग्निन विरघळतं आणि तंतू सुटे होतात. ही क्राफ्ट पद्धत कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञानं १८७९ मध्ये डान्झिगला शोधली. जगातला बहुतेक रासायनिक पल्प आजही याच रीतीनं निघतो. निलगिरीसारख्या लाकडाचं कोरडं वजन घेतलं तर साधारण निम्मं पल्प म्हणून हाती येतं. बाकीचं विरघळून काळ्या द्रावणात जातं. त्याला मिलमध्ये ब्लॅक लिकर म्हणतात.

मामाजी : मग सालीचं किती हाती येते?

ताई : लाकडाच्या निम्मं धरा. बऱ्याचदा त्याहूनही कमी.

मामाजी : धरलं. शंभर टनात दोन टन साल गेली. लाकूड असतं तर एक टन पल्प झाला असता, आता अर्धा होईन. म्हणजे अर्ध्या टनाचा तोटा. पन्नास टन पल्पात अर्धा टन! एवढ्यासाठी मले काट्यावर उभं करता?

मामाजी सातवीपर्यंत शिकलेत, पण आकड्यांत त्यांना कोणी गुंडाळू शकत नाही. हिशेब चोख होता. ताईनं तो नाकारला नाही, आणि तिथूनच खरा वाद सुरू झाला.

ताई : हाच हिशेब आमचे खरेदीवालेही करतात, म्हणून माझं त्यांच्याशीही जमत नाही. तुम्ही फक्त हाती काय कमी आलं ते मोजलंत. जाताना सालीनं काय काय नेलं ते राहिलं. साल अल्कली खाते. टॅनिन आणि त्याच्या भाऊबंदांचा गुण आम्लाचा, ते सोड्यावर आधी तुटून पडतात. सुबेरिनचा तर सोड्यात चक्क साबण होतो. डायजेस्टरमध्ये सोडा लाकडाच्या वजनावर मोजून घातलेला असतो. सालीनं आपला वाटा आधीच उचलला की लाकडाला कमी पडतो. चिप मधोमध कच्ची राहते.

मामाजी : मग सोडा वाढवा. तुमच्याकडे काय कमी आहे?

ताई : वाढवतोच. पण साल सगळ्या चिप्समध्ये सारखी वाटलेली नसते ना. एका घाण्यात सालवाल्या चिप्स आणि शेजारी स्वच्छ चिप्स. सालवालीसाठी सोडा वाढवला की स्वच्छ चिप गरजेपेक्षा जास्त शिजते. तिच्यातलं सेल्युलोजही तुटायला लागतं, पल्प कमी येतो, तंतू कमजोर होतात. तुमचा अर्धा टन गेला तो वेगळाच. चांगल्या लाकडातूनही आणखी थोडं गेलं, आणि ते कोणत्याच पावतीवर दिसत नाही.

पल्पमध्ये किती लिग्निन उरलं हे मिल कप्पा नंबरनं मोजते. निलगिरीच्या पांढऱ्या कागदासाठी तो अठरा-वीसच्या आसपास ठेवतात. तो दोन-तीन अंकांनी वर गेला की पुढं क्लोरीन डायऑक्साइड जास्त लागतो, तो महाग असतो, आणि सांडपाण्यातला भारही वाढतो. सालीतला रंग ब्लीचिंगला सहज दाद देत नाही, ही आणखी एक अडचण.

ताई : आता ब्लॅक लिकरचं ऐका. ते आम्ही फेकत नाही. पाणी आटवून रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतो. त्यातनं वाफ मिळते आणि सोडाही परत मिळतो. पण त्या बॉयलरला दिवसाला किती जाळता येईल याला हद्द आहे. अनेक मिलमध्ये सगळा कारखाना त्या एकाच जागी अडतो. साल विरघळून तिथं पोचली की तेवढी जागा अडवते, आणि त्या दिवशी पल्पच कमी काढावा लागतो. सालीला जळायचंच असेल तर तिनं सरळ पॉवर बॉयलरमध्ये जळावं. आधी डायजेस्टरमध्ये नेऊन सोडा पाजायचा, मग पाणी आटवायचं आणि मग जाळायचं, ही कुठली रीत?

मामाजी यावर काही बोलले नाहीत. माझ्या मते संपूर्ण वादातलं हे ताईचं सर्वांत भक्कम वाक्य होतं. ‘दोन टक्के साल म्हणजे दोन टक्के नुकसान’ हा समज कागदाच्या धंद्यात बाहेरूनच नव्हे, आतूनही पुष्कळांचा असतो. नुकसान एका जागी दिसत नाही. थोडं सोड्यात, थोडं ब्लीचिंगमध्ये, थोडं बॉयलरमध्ये असं विखुरलेलं राहतं, त्यामुळे कोणत्याच खात्याला ते आपलं वाटत नाही.

मग आला चुना. झाडानं मातीतून घेतलेलं कॅल्शियम खोडात सारखं पसरलेलं नसतं. त्याचा मोठा वाटा सालीत, बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक स्फटिकांच्या रूपात साठतो. निलगिरी यात आघाडीवर आहे. डायजेस्टरच्या हीटरमध्ये आणि ब्लॅक लिकर आटवणाऱ्या नळ्यांमध्ये हे कॅल्शियम खपली धरतं, कार्बोनेटची पांढरट, टणक खपली. नळीवर तिचा पातळ थर बसला की उष्णता आत जात नाही आणि धुण्यासाठी प्लांट थांबवावा लागतो. सालीच्या भेगांत अडकून येणारी माती आणि वाळू याहून वाईट. ती चिपरच्या पात्यांची धार घालवते, पंप झिजवते. बोथट पात्यानं चिप कापली न जाता चेचली जाते, म्हणजे तंतू शिजण्याआधीच दुखावतात.

मामाजी : माती मान्य. पावसाळ्यात लाकूड ओढून काढलं की चिखल लागतेच. पण मग मातीची कपात करा, सालीची काऊन?

ताई उठून आत गेली आणि एक कागद घेऊन आली. प्रयोगशाळेत पल्पचा नमुना घेऊन हातानं एक गोल ताव बनवतात, हँडशीट म्हणतात त्याला. तळहाताहून थोडा मोठा, कडा दातेरी, अजून ब्लीच न झालेला, त्यामुळे रंग गव्हाळ. तिनं तो ट्यूबलाइटसमोर धरला. गव्हाळ रंगात पाच-सहा गडद ठिपके होते, मोहरीच्या फोलपटाएवढे. तिच्या भिंगातून एक ठिपका पाहिला. तंतू लांबसडक, एकमेकांत गुंतलेले, आणि त्यांच्या मधोमध गडद चौकोनी-गोलसर कणांचा पुंजका. त्याला कोणताच तंतू धरून नव्हता. नखानं टोकरला तर अख्खा निघून आला आणि कागदाला खड्डा पडला.

ताई : या दगडपेशी. सालीत असतात, भिंती जाड, ना लांबी ना पापुद्रा. तंतूंशी त्यांची गाठच बसत नाही. आता हा कागद ऑफसेट मशीनवर गेला असं समजा. शाई चिकट असते, ती हा ठिपका उपटून नेते. तो रबराच्या ब्लँकेटवर चिकटतो आणि पुढच्या शेकडो प्रतींवर त्याच जागी पांढरा डाग उमटतो. छापखानावाला अख्खा लॉट परत करतो. त्याला सालीची टक्केवारी सांगून उपयोग नाही.

मामाजी : आन् खोक्याचा तपकिरी कागद? त्यात कोण ठिपके पाहते?

ताई : तिथं ठिपके चालतात. तपकिरी पल्पवाले आमच्यापेक्षा जास्त साल सोसतात, खरंय. सोडा, चुना, बॉयलर यांची रड मात्र त्यांनाही आहे. उलट जिथं लाकूड शिजवत नाहीत, नुसतं दळतात, तिथं सालीला अजिबात थारा नाही. काही विरघळतच नाही, सगळी साल जशीच्या तशी कागदात उतरते.

नेपानगरचं नाव खानदेशात सगळ्यांना ठाऊक असतं. बुऱ्हाणपूरजवळच्या त्या कारखान्यात १९५० च्या दशकात देशातला पहिला वृत्तपत्रांचा कागद निघू लागला. तिथं सालईचं लाकूड दळून पल्प करत आणि त्यात बांबूचा शिजवलेला पल्प मिसळत. दळण्याच्या पद्धतीत लाकडाचा जवळजवळ सगळा ऐवज कागदात जातो, आणि लाकडासोबत जे काही आलं असेल तेही जातं.

याच जागी मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, सालीची एवढी निंदा चाललीय, पण भूर्जपत्र म्हणजे काय होतं? हिमालयातल्या भूर्ज वृक्षाची सालच. पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ मध्ये सापडलेलं गणिताचं हस्तलिखित त्याच सालीवर लिहिलेलं आहे. चीनमध्ये त्साय लुननं इसवी सन १०५ मध्ये सम्राटाला दाखवलेल्या कागदात तुतीची साल होती, आणि जपानी लोक आजही कोझोच्या सालीपासून जगातला उत्तम हातकागद करतात.

ताईला हे नवं नव्हतं. तिचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. कोझोची वापरतात ती आतली साल. तिच्यात लांब, चिवट तंतू असतात, आणि वरची काळी साल कामगार सुरीनं खरवडून टाकतात. म्हणजे तिथंही बाहेरच्या सालीला प्रवेश नाहीच. भूर्जाचं उलट आहे. तिथं बाहेरचीच साल कामाची, कारण तिच्यात सुबेरिन आणि बेट्युलिन ठासून भरलंय, त्यामुळे ती कुजत नाही आणि ओलही धरत नाही. त्याच गुणापायी ती डायजेस्टरमध्ये डोकेदुखी होते. फिनलंडच्या मिल भूर्जाच्याच कुळातलं बर्च लाकूड भरपूर वापरतात आणि त्याची साल काढायला फार जपतात, नाहीतर बेट्युलिनचा चिकटा यंत्रांवर आणि कागदावर बसतो. शतकानुशतकं पोथी टिकवणारी साल पल्पमध्ये शत्रू का होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

मामाजींना या पुराणात रस नव्हता.

मामाजी : साल वाईट, पटलं मले. आता माझं ऐक. काढायची कोनं? तोडल्या दिवशी निलगिरीची साल लांबच लांब पट्ट्यांनी निघते, कोयता टेकवला की सरसर. दोन-चार दिवस ऊन लागलं की ती लाकडाले अशी धरते, की सोलणाऱ्या बायांचे हात सुजतात. आन् तोड कधी करायची? पावसाळ्यात साल ढिली असते, पण शेतात ट्रक शिरत नाही. उन्हाळ्यात ट्रक शिरते, तर साल सुटत नाही.

ताई : हे शास्त्रालाही धरून आहे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक नाजूक थर असतो. झाड जोमात वाढत असतं तेव्हा तो रसाळ आणि कच्चा, म्हणून साल सुटते. वाढ थांबली, लाकूड वाळलं की पकड कित्येक पटींनी वाढते.

मामाजी : शास्त्र राहू दे. पैशाचं बोल. शंभर क्विंटल लाकूड सालीसकट. त्यातली बारा क्विंटल साल. सोलली की काट्यावर अठ्ठ्याऐंशी भरते. सालीसकट लाकडाले शंभर रुपये क्विंटल मिळत असन, तर सोललेल्याले एकशे चौदा मिळाले तर मी जिथं होतो तिथंच राहीन. अजून बायांची मजुरी द्यायचीच आहे. सोललेल्यावर तुम्ही किती जास्त देता?

ताई काही बोलली नाही. तिला आकडा माहीत होता. खोडाच्या वजनात सालीचा वाटा साधारण दहा ते पंधरा टक्के असतो. म्हणजे मामाजींची ‘बारा’ ही हवेतली गोष्ट नव्हती. मिल सोललेल्या लाकडाला जो जादा भाव देत होती त्यात सोलल्यानं घटलेलं वजनही भरून निघत नव्हतं, मजुरी दूरच. असा भाव लावल्यावर शेतकरी साल ठेवणार, आणि ती लपवणारही : ट्रकच्या कडेला सोललेलं रचायचं, पोटात सालवालं. मामाजी हे करत होते का, ते मी विचारलं नाही.

मामाजी : आन् सोललेलं लाकूड लवकर वाळते. तुमच्या फाटकावर तीन-तीन दिवस रांग. तिथं उभं राहून आणखी वजन जाते. साल ठेवली असती तर ओल टिकली असती. म्हणजे ईमानदारीनं सोलणारा दोनदा मरते.

ताई : वाळलेलं आम्हाला हवंच असतं, त्याला भुंगेही कमी लागतात. पण काट्यावरचा तुमचा मुद्दा खरा आहे.

मामाजी : आन् नमुना! तुमचा माणूस ट्रकवर चढते, वरच्या चार ओंडक्यांकडं पाहते आन् लिहिते ‘साल तीन टक्के’. डोळ्यानं टक्का कसा काढते तो?

इथं ताई उघड अडचणीत आली, आणि तिनं ते लपवलं नाही. चिप्समधली साल मोजायची रीत तशी सोपी आणि कंटाळवाणी आहे. नमुना पसरायचा, चिमट्यानं साल वेगळी करायची, लाकडाला चिकटलेली असेल तर सुरीनं सोलायची, दोन्ही ढीग वाळवून तोलायचे. तास-दीड तास एका नमुन्याला सहज जातो. साल ढिगात सारखी मिसळलेली नसते. ठिसूळ साल चिपरमध्ये भुगा होते आणि भुगा खाली बसतो. वरून घेतलेला नमुना शेतकऱ्याच्या बाजूनं खोटं बोलतो, तळातून घेतलेला मिलच्या बाजूनं. ओंडक्यांवर तर मोजमाप नाहीच, फक्त नजर.

ताई : ओंडक्याच्या कपातीचा आकडा प्रयोगशाळेचा नसतो. आम्ही चिप्सचा आठवड्याचा सरासरी टक्का देतो, यार्डवाले तो ट्रकांवर अंदाजानं वाटतात.

मामाजी : म्हणजे दुसऱ्याच्या सालीची कपात माझ्या ट्रकवर!

ताई : होऊ शकतं.

मी ताईच्या जागी असतो तर इतकं सरळ कबूल केलं नसतं. पण ‘साल किती चालेल’ या प्रश्नाचं उत्तर मागताना हे लक्षात ठेवावं लागतं. पांढऱ्या क्राफ्ट पल्पवाली मिल साधारण एक टक्क्याच्या आत साल ठेवू पाहते. ती मर्यादा चिप्सवरची, कोरड्या वजनावरची. ट्रककडे पाहून लिहिलेला टक्का ही दुसरीच वस्तू आहे. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले की भांडण ठरलेलं.

मामाजी : माझ्या बापाच्या काळात जंगलातून बांबू जायचा बल्लारपूरले. भरभरून गाड्या. कधी कोन्या मिलवाल्यानं सालीचं नाव काढलं नाही.

ताई : कसं काढणार? बांबूला सालच नाही.

त्यावर मामाजीही हसले. बांबू हे गवत. त्याच्या वरच्या कातडीत सिलिका असते, तिनं मिलवाल्यांना वेगळा त्रास दिला, आटवणाऱ्या नळ्यांत काचेसारखी खपली धरून. पण सोलण्याचा प्रश्न नव्हता. भारतातला कागदधंदा कित्येक दशकं बांबूवर उभा राहिला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबूच्या पल्पवर काम केलं, आणि १९२५ मध्ये सरकारनं या धंद्याला जकातीचं संरक्षण देणारा कायदाच केला. पुढं जंगलं विरळ झाली. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणानं कारखान्यांना सांगितलं, की कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून उभा करा. त्यानंतर निलगिरी, सुबाभूळ, सुरू ही शेतातली पिकं झाली. मामाजींसारखे लोक पुरवठादार झाले, आणि साल हा शब्द काटापावतीवर आला. जंगलातून सवलतीत येणाऱ्या बांबूबरोबर मिलच्या हिशेबात जी सवय बसली, तीच शेतकऱ्यांशी व्यवहार करताना राहिली, असं मला वाटतं. कच्च्या मालातला प्रत्येक दोष पुरवणाऱ्याच्या माथी मारायचा, ही ती सवय.

ताई : एक तुमचंही चुकतंय मामाजी. तुम्ही शेंड्याची बारीक लाकडं फार घालता. ओंडका जितका बारीक, तितका त्यात सालीचा वाटा जास्त. घेराच्या मानानं साल जास्त, गाभा कमी. बारीक लाकूड सोलायलाही जड. खुंटाचे फुटवे चौथ्या वर्षीच तोडले की हेच होतं.

मामाजी : पोरीचं लग्न होतं, तोडले. झाडाच्या वयाचं पाहू की घरच्या वयाचं?

ताई : सुबाभूळ तर आणखी वाकडी, आणखी बारीक. म्हणून आमच्याकडे ड्रम बसवायचं चाललंय. मोठं फिरतं पिंप, लाकडं एकमेकांवर आपटतात, साल गळते.

मामाजी : मग तोच बसवा ना! आमची सुटका.

ताई : ड्रममध्ये साल आणि लाकूड वेगळं ओळखणारं कोणी नसतं. सगळी साल जाईपर्यंत फिरवलं तर लाकूडही झिजून सालीबरोबर जातं. थोडं फिरवलं तर साल राहते. वाळलेलं लाकूड आलं तर अजूनच वाईट. आणि निलगिरीची तंतुमय साल दोरखंडासारखी वळते, पट्ट्यांत, चेनमध्ये अडकते.

मामाजी : आन् ती साल तुम्ही जाळणार.

ताई : जाळणार. वाफ होईल.

मामाजी : आमच्या मातीतला चुना तुमच्या राखेत.

हे वाक्य मामाजी सहज बोलून गेले, पण मला ते वादाच्या गाभ्याशी नेणारं वाटलं. जे कॅल्शियम मिलच्या नळ्यांत खपली होऊन बसतं, तेच शेतात राहिलं असतं तर पुढच्या फुटव्याच्या मुळांना मिळालं असतं. ब्राझीलमध्ये निलगिरीची अफाट लागवड आहे. तिथं अनेक ठिकाणी तोडणीयंत्र जागेवरच साल सोलतं आणि ती शेतातच पसरते, त्यामागं हाही विचार आहे. म्हणजे साल शेतात काढणं मिलच्या सोयीचं, आणि मातीच्याही हिताचं. फक्त सोलणाऱ्याच्या खिशाला ते परवडत नाही. खिशाचं गणित बसवणं मिलच्या हाती आहे, आणि सोडा, ब्लीच, बॉयलर, धुणी या सगळ्यांत विखुरलेलं नुकसान एकत्र मांडलं तर सोललेल्या लाकडाला चांगला जादा भाव देऊनही मिल फायद्यात राहील, असा माझा कयास आहे. ताईनं तो खोडला नाही. खरेदी विभागाला सोड्याचा खर्च दिसत नाही आणि पल्पवाल्यांना लाकडाचा भाव ठरवता येत नाही, एवढंच म्हणाली.

मामाजी : पण उन्हाळ्यात साल शेतात पसरली तर वणवा लागते. तुझ्या ब्राझीलात लागत नसन.

ताई : तिथंही लागतो. बांधापासून दूर, बारीक करून पसरा. आणि मी वर एक प्रस्ताव दिलाय. लाकडाचा भाव कोरड्या टनावर लावा. बाहेरदेशी चिप्सचे मोठे सौदे तसेच होतात. प्रत्येक ट्रकमधून ठरल्या रीतीनं नमुना, साल वेगळी, १०५ अंशांवर ओव्हनमध्ये रात्रभर, सकाळी वजन. जेवढं कोरडं, सोललेलं लाकूड, तेवढे पैसे. फाटकावर चार दिवस वाळलं तरी तुमचं काही जाणार नाही. साल सोलली तरी नुकसान नाही, ठेवली तरी फायदा नाही.

मामाजी बराच वेळ सुपारी कातरत बसले.

मामाजी : म्हणजे लाकडातलं पानी तुम्ही मोजणार नाही.

ताई : पाणी आम्ही विकत घ्यायचंच कशाला?

मामाजी : आजवर घेत होते ना! त्याच पान्यावर माझ्या ट्रकचं डिझेल निघत होतं. भाव कोरडा करा, हरकत नाही, पण डिझेल त्यात धरा. नाहीतर मी सालवालं, ओलं, ताजं लाकूड घेऊन शेजारच्या प्लायवूडवाल्याकडं जातो.

ताई : प्लायवूडवाला तुमची बारीक लाकडं घेणार नाही.

मामाजी : ती तुमच्याकडं आणीन.